पियानोची हातोडी

पियानोची पट्टी दाबल्यावर आत तारेवर जाऊन आदळणारा आणि लगेच मागे फिरणारा भाग म्हणजे हातोडी. लाकडी गाभ्यावर लोकरीचे घट्ट फेल्ट ताणून बसवलेले असते. आजच्या पियानोत ८८ पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टीची हातोडी वेगळी. खर्जाकडच्या हातोडीचे डोके साधारण १० ग्रॅमचे, तर वरच्या टोकाचे त्याच्या निम्म्याच्या आसपास भरते.

मराठवाड्यात भजन-कीर्तनामुळे पेटी गावोगाव पोचली आहे. पेटीची पट्टी हलकी दाबली काय किंवा जोरात दाबली काय, आवाज किती मोठा निघेल ते भात्यावर ठरते. पियानोला भाता नाही. बोटातले बळ तारेपर्यंत नेणारी हातोडी ही एकच वाट आहे, आणि तारेला भिडण्याच्या क्षणी पट्टीचा व तिचा संबंध आधीच तुटलेला असतो. पट्टी दाबून धरली, त्यावर बोट हलवले, कितीही जोर दिला, तरी निघालेला स्वर आता बदलत नाही. म्हणून पियानोच्या आवाजाचा पोत हा मुळात या लोकरीच्या गुंडाळीचा गुण आहे. वाद्य निवडताना बाहेरचे पॉलिश पाहतात, तारा पाहतात. हातोडी क्वचितच कोणी पाहते.

फेल्ट आणि लाकूड

गाभ्याला हॉर्नबीम, मॅपल, अक्रोड, महोगनी अशी लाकडे वापरतात. गाभा एका टोकाला निमुळता असतो. त्या टोकावरून फेल्ट वळवून दोन्ही बाजूंना चिकटवतात, त्यामुळे बाजूने पाहिल्यास हातोडीचा आकार पेअरच्या फळासारखा दिसतो.

फेल्ट विणलेले नसते. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ओल, उष्णता आणि रगडणी मिळाली की तंतू एकमेकांत सरकतात, खवल्यांमुळे त्यांना मागे फिरता येत नाही, आणि सैल थर आटत आटत घट्ट होत जातो. काश्मीर-राजस्थानातला नमदा याच क्रियेने तयार होतो. हातोडीचे फेल्ट मात्र त्याहून फार दाट असते आणि त्याला मेरिनो मेंढीची बारीक लोकर लागते.

मराठवाड्यातल्या धनगरांच्या कळपांत प्रामुख्याने दख्खनी मेंढी असते. तिची लोकर जाड, राठ आणि बरीचशी काळी असते. ती कातरून, हातावर कातून, सुताला चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी विणतात, आणि पावसात मेंढक्याच्या डोक्यावर ती घोंगडी जे काम करते ते मेरिनोला जमणार नाही. पण हातोडीला हवी असलेली एकसारखी, दाट आणि तरीही उसळी घेणारी घडण बारीक तंतूंतूनच मिळते. दोन्ही लोकरींची कामे वेगळी आहेत, एवढेच.

हातोड्या सुट्या सुट्या बनवत नाहीत. फेल्टचा लांब पट्टा खर्जाच्या टोकाला जाड आणि वरच्या टोकाला पातळ कापलेला असतो. सलग लाकडी गाभ्यावर तो ठेवून, सरस लावून, धातूच्या तापवलेल्या साच्यात मोठ्या दाबाखाली वळवतात. घट्ट बसल्यावर त्याचे काप करून एकेक हातोडी सुटी करतात. या वळवण्यातच तिचा जीव आहे. बाहेरचे थर ताणले जातात आणि गाभ्यालगतचे चेपले जातात. हा ताण आणि हा दाब एकमेकांविरुद्ध कायम उभे राहतात, आणि तारेवर आदळून परत येण्याची उसळी त्यांच्यातूनच मिळते. साच्यात फेल्ट फार तापले तर लोकर करपून ठिसूळ होते, हातोडी दगडासारखी होते आणि पुढे कितीही सुया टोचल्या तरी आवाज गोड होत नाही. त्यामुळे कमी उष्णतेत वळवलेल्या हातोड्यांना जाणकारांची पसंती असते.

आघात

हलगीवाला एका हातात जाड काठी आणि दुसऱ्या हातात बारीक छडी धरतो. कातडे एकच, पण जाड काठीचा बोल घुमतो आणि छडीचा बोल तडकतो. पियानोला ही दोन्ही कामे एकाच हातोडीकडून करून घ्यावी लागतात. फेल्टमुळे ते शक्य होते, कारण फेल्ट जितके जास्त दबते तितके कठीण होत जाते. साधी स्प्रिंग दुप्पट दाबायला दुप्पट बळ लागते. फेल्टमध्ये हे बळ दबण्याच्या दुसऱ्या ते चौथ्या घाताच्या दरम्यान वाढते, म्हणजे दुप्पट दाबायला चौपट ते सोळापट बळ लागू शकते. हळू वाजवले की वरचा मऊ थर तेवढा तारेला लागतो आणि स्वर गोलसर येतो. जोरात वाजवले की आतले कठीण थर कामाला येतात, आघात आखूड होतो, वरचे उपस्वर (मूळ स्वराबरोबर तारेतून निघणारे उंच स्वर) जागे होतात आणि आवाज मोठा होण्याबरोबर झळाळतोही. वादनातला भाव या दुहेरी बदलावर उभा असतो.

हा सगळा व्यवहार काही सहस्रांश सेकंदांत उरकतो. अगदी हळू वाजवताना हातोडीचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असतो, तर पूर्ण जोरात तो पाच मीटरच्या पुढे जातो. खर्जात ती तारेला साधारण चार सहस्रांश सेकंद चिकटून असते. वरच्या टोकाला एक सहस्रांशाहूनही कमी. सर्वांत खालच्या स्वराची कंपने सेकंदाला २७.५ असतात, म्हणजे एका कंपनाला ३६ सहस्रांश सेकंद लागतात. तिथे हातोडी आरामात निघून जाते. सर्वांत वरच्या स्वराची कंपने सेकंदाला ४,१८६. तिथे एक कंपन पुरे व्हायला पाव सहस्रांश सेकंदही लागत नाही, त्यामुळे हातोडी तारेवर रेंगाळली तर स्वतःच निर्माण केलेला स्वर दाबून टाकते. वरच्या हातोड्या हलक्या, लहान आणि कठीण ठेवतात त्या यासाठी.

हातोडी तारेवर कुठे पडते यालाही तितकेच महत्त्व आहे. खालच्या व मधल्या भागात हे ठिकाण तारेच्या लांबीच्या सातव्या ते नवव्या हिश्शाच्या दरम्यान असते आणि वरच्या टोकाला ते तारेच्या कडेकडे बरेच सरकते. सातवा उपस्वर कानाला खटकतो म्हणून सातवा हिस्सा धरतात, असे स्पष्टीकरण जुन्या पुस्तकांत मिळते. ते फार सरळसोट वाटते. निरनिराळ्या कारखान्यांची मापे वेगवेगळी आहेत आणि ती बव्हंशी कानाने ठरलेली आहेत.

पट्टीपासून तारेपर्यंत

पट्टी सुमारे १० मिलिमीटर खाली जाते आणि तेवढ्यात हातोडी सुमारे ४५ मिलिमीटर उडते. या जवळपास पाचपट तरफेमुळे हातोडीचा वेग वाढतो, पण वजनही त्याच हिशेबाने बोटावर येते. हातोडी एका ग्रॅमने जड झाली की पट्टी साधारण पाच ग्रॅमने जड लागते. जुन्या पियानोला जाड फेल्टच्या नव्या हातोड्या बसवल्यावर वादकाची बोटे थकू लागतात, ती या साध्या गुणाकारामुळे.

हातोडी तारेपासून एक-दोन मिलिमीटरवर आली की तिला ढकलणारा जॅक निसटतो आणि उरलेले अंतर ती आपल्या वेगाने कापते. जॅक निसटला नाही तर हातोडी तारेला दाबून धरील आणि स्वर गुदमरेल. परतताना एक छोटी गादी तिला मधेच अडवते. ग्रँड पियानोत पट्टी पूर्ण वर न येताच स्वर पुन्हा वाजवता येतो; ही दुहेरी सुटकेची रचना सेबास्टियन एरार यांनी १८२१ साली पेटंट केली. उभ्या पियानोत हातोडी आडवी जाते, तिला गुरुत्वाकर्षणाची मदत कमी मिळते, म्हणून तिथे तेवढी जलद पुनरावृत्ती साधत नाही.

इतिहास

इटलीत फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारी वाद्ये बनवणारे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी १७०० च्या सुमारास पहिला पियानो घडवला. त्यांचे तीन पियानो आजही न्यूयॉर्क, रोम आणि लाइपझिग इथल्या संग्रहालयांत आहेत आणि तिन्ही १७२० च्या दशकातले आहेत. त्यांनी पुढच्या काळात बनवलेल्या हातोडीचे डोके कागदी थरांच्या पोकळ कड्याचे असून वर चामड्याची पट्टी चिकटवलेली आहे. आत उसळी आणि बाहेर मऊपणा ही जोडी त्यांना तीनशे वर्षांपूर्वीच सुचली होती. पुढच्या कारागिरांनी फेल्ट, साचे आणि यंत्रे आणली. विचार तोच राहिला.

अठराव्या शतकात लाकडी डोक्यावर चामडे चढवत. तारा बारीक होत्या तोवर ते पुरले. पुढे लोखंडी चौकट आली, तारा जाड झाल्या, त्यांचा ताण वाढला आणि चामडे लवकर चपटे होऊन आवाज करकरू लागला. पॅरिसमध्ये काम करणाऱ्या जाँ-आंरी पाप यांनी १८२६ साली फेल्टच्या हातोड्यांचे पेटंट घेतले. त्या शतकाच्या उत्तरार्धात फेल्ट यंत्राने वळवू लागले.

व्हॉइसिंग

सूर लावणे आणि व्हॉइसिंग ही वेगळी कामे आहेत. सूर लावताना तारांचा ताण बदलतो. व्हॉइसिंगमध्ये हातोडीचे फेल्ट घडवतात. त्याचे हत्यार साधे असते, लाकडी मुठीत बसवलेल्या तीन-चार सुया. हातोडीच्या खांद्यांत, म्हणजे माथ्याच्या दोन्ही बाजूंना, सुया खोल टोचल्या की दाबलेले फेल्ट मोकळे होते आणि उसळी वाढते. माथ्यावर, जिथे तार लागते तिथे, फार जपून आणि उथळ टोचतात. माथ्यावर सरळ खोल सुई गेली तर हातोडी बसते, म्हणजे तिची ताणदाबाची घडीच मोडते, आणि ती परत घालता येत नाही. उलट आवाज मंद असेल तर लॅकर म्हणजे पातळ रोगण पाजून फेल्ट कडक करतात. युरोपातले कारखाने बहुधा हातोडी घट्ट बनवून सुयांनी मऊ करतात, तर स्टाइनवे या पियानो कंपनीच्या न्यूयॉर्क कारखान्याची रीत मऊ हातोडी घेऊन लॅकरने कडक करण्याची आहे.

वापरलेली हातोडी हातात घेऊन पाहावी. माथ्यावर तीन समांतर चऱ्या दिसतात, कारण मधल्या आणि वरच्या स्वरांना प्रत्येकी तीन तारा असतात. चऱ्या खोल गेल्या की तार फेल्टच्या मोठ्या भागाला टेकते आणि आवाज पत्र्यासारखा होतो. मग बारीक पॉलिश कागदाने, खांद्याकडून माथ्याकडे ओढत, वरचा थर काढून आकार परत आणतात. यानंतर तिन्ही तारांना हातोडी एकाच वेळी लागते का हे तपासावे लागते. एक तार मागे राहिली तर सूर नीट असूनही स्वर फाटका येतो आणि दोष ट्यूनिंगवर जातो.

मराठवाड्याची हवा

छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड, लातूर या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि दुपारची हवा कमालीची कोरडी असते. जूनमध्ये पाऊस लागला की काही आठवड्यांत तीच हवा दमट होते. पियानोला आर्द्रता साधारण ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान आणि मुख्य म्हणजे स्थिर हवी असते. इथे ती एका वर्षात दोन्ही टोके गाठते.

कोरड्या दिवसांत लाकूड आकसते, हातोडीच्या बिजागरीचे स्क्रू ढिले पडतात, आणि हातोडी किंचित तिरकी जाऊन दोनच तारांना लागते किंवा प्रत्येक स्वरामागे टक् असा आवाज येतो. हे स्क्रू मे महिन्यात एकदा हलक्या हाताने आवळून घ्यावेत. पावसाळ्यात उलट घडते. बिजागरीतली लोकरी कापडाची नळी फुगते, हातोडी हळू परतते, पट्ट्या अडकल्यासारख्या वाटतात, आणि फेल्ट ओल धरून आवाज मंदावतो. श्रावणातल्या मंद आवाजावर लॅकर पाजणे ही घाई ठरते. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तीच हातोडी कर्कश होते.

सर्वांत मोठे नुकसान मात्र कूलर करतो. इकडच्या उन्हाळ्यात घरोघर पाण्याचा कूलर लागतो आणि ओल्या ताटीतून येणारा गार झोत खोलीतल्या पियानोवर पडला तर दुपारी तो भिजल्यासारखा होतो आणि कूलर बंद झाल्यावर रात्रीतून वाळतो. वर्षभरात जो फेर व्हायचा तो रोज होतो. पियानो कूलरच्या झोतात आणि बाहेरच्या तापलेल्या भिंतीला लावून ठेवू नये. खोलीत साधे आर्द्रतामापक टांगले तरी निम्मे प्रश्न कळतात.

लोकर म्हटले की कसर आलीच. बंद, अंधाऱ्या आणि न वाजणाऱ्या पियानोत कसरीची अळी आधी पट्ट्यांखालचे व डँपरचे (तारेचा आवाज थांबवणाऱ्या गादीचे) फेल्ट खाते आणि मग हातोडीच्या कडा कुरतडते. उंदीर तर घरट्यासाठी फेल्ट ओढूनच नेतात. डांबराच्या गोळ्या कापडी पिशवीत घालून फेल्टला न लागतील अशा टांगाव्यात, पण खरा उपाय म्हणजे वर्षातून एकदा आतली यंत्रणा बाहेर काढून झाडणे आणि वाद्य वाजते ठेवणे.

डिजिटल पियानो आणि नव्या हातोड्या

आता मराठवाड्यातले बहुतेक शिकणारे कीबोर्डवर किंवा डिजिटल पियानोवर सुरुवात करतात. ‘हॅमर अ‍ॅक्शन’ असे लिहिलेल्या वाद्यात खरोखर छोट्या हातोड्या असतात, पण त्या फक्त पट्टीला वजन देतात. तिथे तार नाही आणि फेल्टचा आघातही नाही. सेन्सर पट्टीचा वेग मोजतो आणि साठवलेला आवाज वाजतो. बोटांची ताकद कमावायला हे चांगले, आणि इथल्या हवेत टिकाऊही.

खऱ्या पियानोच्या हातोड्या झिजल्या तर संच मागवावा लागतो आणि तंत्रज्ञ बहुधा पुण्या-मुंबईहून येतो. जर्मनीतले रेनर आणि आबेल हे या कामातले नावाजलेले कारखाने. मागणी देताना पहिली, शेवटची आणि खर्जाचा भाग जिथे संपतो तिथल्या दोन्ही बाजूंच्या जुन्या हातोड्या नमुन्यासाठी पाठवतात. हातोडी ज्या दांडीवर बसते तिच्यासाठीचे छिद्र गाभ्यात किती उंचीवर आणि किती तिरपे पाडायचे हे त्यांवरून ठरते. छिद्र थोडे जरी चुकले तरी हातोडी तारेला काटकोनात भिडत नाही. जुन्या हातोड्या उतरवण्याआधी प्रत्येकीवर पेन्सिलीने क्रमांक घालावा आणि नवा संच बसून वाजून होईपर्यंत त्या टाकून देऊ नयेत.