माणदेशचं ऊन आणि इन्सुलिनची कुपी

गेल्या चैत्रात दहिवडीजवळ आत्याकडे गेले होते. दुपारी तिची साखर तपासली तर 340. ‘इंजेक्शन तर रोज घेती की गं मी,’ आत्या म्हणाली. कुपी कुठे ठेवतेस म्हटल्यावर तिने फ्रीजचा बर्फाचा कप्पा उघडला. उन्हाने औषध नासू नये म्हणून बिचारीने घरातली सगळ्यात गार जागा शोधली होती. ‘सकाळी पदरात धरून ऊब दिली की पातळ होतंय.’

इन्सुलिन म्हणजे प्रथिन. त्याच्या रेणूची विशिष्ट घडी असते आणि ती शाबूत असेल तरच ते काम करतं. फार उष्णतेने ती घडी मोडते, गोठल्यानेही मोडते. तव्यावर पांढरं झालेलं अंडं जसं परत पातळ होत नाही, तसंच हे. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यायचं. नुसतं बघून ते खराब झालंय हे कळेलच असंही नाही.

न उघडलेली कुपी 2 ते 8 अंश सेल्सिअसला, म्हणजे फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवायची. वापरात असलेली कुपी बहुतेक प्रकारांत 30 अंशांखाली साधारण 28 दिवस चालते; नेमकं किती ते सोबतच्या कागदावर असतं. पण पत्र्याखालच्या खोलीत एप्रिलच्या दुपारी 30 अंश कुठून आणायचे? त्यात वीज गेली की फ्रीजही बंद.

इथे माठ कामाला येतो. मोठ्या मडक्यात ओली वाळू, वाळूत छोटं मडकं, त्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कुपी आणि वर ओलं फडकं. मातीतून पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी तितका गारवा जास्त, आणि माणदेशाइतकी कोरडी हवा कुठे मिळणार! केनियातल्या दगाहले निर्वासित छावणीतल्या तापमानाच्या चढउतारांवर 2021 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 25 ते 37 अंशांच्या दरम्यान चार आठवडे ठेवलेल्या इन्सुलिनची ताकद टिकून होती. म्हणून माठाला मी कमी लेखत नाही. उन्हात उभ्या गाडीची डिकी मात्र कुपीसाठी भट्टीच. साखर तपासायच्या पट्ट्यांनाही ती चालत नाही.

औषध सांभाळलं तरी शरीराचं वेगळंच असतं. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की मूत्रपिंडं ती लघवीतून बाहेर टाकू लागतात आणि ती सोबत पाणी ओढून नेते. त्यात घाम. पाणी कमी झालं की रक्तातली साखर आणखी दाट होते, म्हणजे लघवी पुन्हा वाढते. म्हणून तहानेची वाट न बघता पाणी, बिनसाखरेचं ताक घेत राहावं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती प्यायचं हे डॉक्टरांना विचारूनच.

पायांची मला जास्त काळजी वाटते. चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेत किती जण अनवाणी चढतात! बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात तळपायाच्या नसा बधिर झालेल्या असतात. तापलेला दगड पाय भाजतो आणि माणसाला पत्ताच नसतो. संध्याकाळी फोड दिसतो, आणि तो महिनोन्महिने भरत नाही. महादेव चपलेवर रागावत नाही. निदान तापलेल्या वाटेवर तरी ती घालावी.

रसवंतीतला मोठा पेला म्हणजे साधारण 30 ग्रॅम साखर, तहान भागवायला तो नकोच. फक्त एक वेळ वेगळी. उन्हात कातडीखालचा रक्तप्रवाह वाढतो, त्यामुळे टोचलेलं इन्सुलिन लवकर भिनतं आणि साखर अचानक उतरू शकते. तेव्हाही दरदरून घाम येतो, हातपाय थरथरतात, आणि आपण म्हणतो ऊन लागलं. अशा वेळी आधी साखर तपासा. ती 70 च्या खाली असेल, किंवा तपासायची सोयच नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या. हाताशी असला तर तोच उसाचा रस अर्धा पेला. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात न्या.