मृत्यूच्या आकडेवारीत न सापडलेली मुले

जन्मल्यावर लगेच न रडलेले आणि सहा महिन्यांचे झाले तरी मान न धरणारे बाळ अनेकदा जगते, आणि ते जगते म्हणूनच आरोग्याच्या जागतिक हिशेबात त्याची दखल फार उशिरा घेतली गेली. अवघड किंवा अकाली बाळंतपण, जन्मावेळी कोंडलेला श्वास आणि पुढे ताठर होणारे हातपाय यांचा संबंध लंडनचे शल्यविशारद विल्यम जॉन लिटल यांनी 1861 मध्येच मांडला होता. तरीही पुढची शंभराहून अधिक वर्षे देशोदेशींची आकडेवारी मुख्यतः मृत्यूच मोजत राहिली. पोलिओचे लुळे पडलेले पाय सर्वांना दिसत होते, त्यावर लसही होती, म्हणून 1988 मध्ये त्याच्या निर्मूलनाची जागतिक मोहीम उभी राहिली. फिट येणाऱ्या किंवा उशिरा बोलणाऱ्या मुलांच्या वाट्याला तसे काही आले नाही.

जागतिक बँकेच्या 1993 च्या विकास अहवालाने हा हिशेब बदलला. अकाली मृत्यूने हिरावलेली वर्षे आणि आजारपणात किंवा अपंगत्वासह काढलेली वर्षे यांची एकत्र बेरीज करणारे माप त्यात वापरले गेले. अपंगत्वासह काढलेले वर्ष निरोगी वर्षापेक्षा कमी मोलाचे धरण्यावर आक्षेप घेतले गेले आणि ते गैरलागू नव्हते. पण या मापाविना ही मुले अदृश्यच राहिली असती, असे मला ठामपणे वाटते.

तरीही त्यांची नोंद विखुरलेलीच होती: जन्मावेळी मेंदूला झालेली इजा नवजात बालकांच्या आजारांत, मेंदूज्वर संसर्गात, तर पाठीच्या कण्यातील दोष जन्मजात व्यंगांत. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासाने मज्जासंस्थेचे असे 37 विकार एकत्र मांडले, तेव्हा 2021 मध्ये 340 कोटी लोक त्यांपैकी कशाने ना कशाने बाधित असल्याचे दिसले. सर्वाधिक हानी करणाऱ्या पहिल्या दहा विकारांत नवजात बालकांच्या मेंदूची इजा, अकाली जन्मातून उद्भवणारी गुंतागुंत आणि स्वमग्नता यांचा समावेश होता. एकूण हानीचा 80 टक्क्यांहून अधिक भार अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांवर आहे.

भारतात अशा मुलांना लवकर हेरणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्यात वैद्यकीय पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत जाऊन मुले तपासायची आणि विकासात मागे पडलेल्या बाळाला जिल्ह्याच्या उपचार केंद्राकडे पाठवायचे, अशी योजना आहे.