खिडक्या विकल्या जातात, भिंती उरतात

पुनर्विकासाला निघालेली इमारत रिकामी झाली की तिथे सर्वांत आधी पाडकामाचा ठेकेदार येतो. पैसे बहुतेक वेळा तोच देतो, घेत नाही. कारण त्याला समोर भंगार दिसत असतं. सागवानी दारं, खिडक्यांचे गज, तांब्याच्या वायरी, शहाबादी फरशा आणि मुख्य म्हणजे स्लॅबमधल्या सळया. या प्रत्येक वस्तूला गिऱ्हाईक ठरलेलं असतं. सळई भंगारवाल्याकडून भट्टीत जाते आणि पुन्हा सळई होऊन बाजारात येते. त्यासाठी कुणाला परिपत्रक काढावं लागलं नाही.

मग उरतो तो खरा राडारोडा: काँक्रीट, विटा, गिलावा, माती. वजनाने सगळ्यात जास्त आणि भावाने शून्य. अशा मालाला अंतर परवडत नाही. डंपरचं डिझेल मालाच्या किमतीपेक्षा महाग पडू लागलं की तो रात्रीच्या वेळी मुंबईत खारफुटीत आणि पुण्यात नदीपात्रात रिता होतो. हा प्रश्न नुसत्या बेशिस्तीचा नाही, वाहतुकीच्या हिशेबाचाही आहे.

वास्तविक काँक्रीटच्या आकारमानात साधारण तीन चतुर्थांश भाग खडी आणि वाळूचा असतो. जुनं काँक्रीट जबडा-क्रशरमध्ये भरडलं, चुंबकाने लोखंड काढलं, चाळण्यांनी आकार वेगळे केले की खडी परत मिळते. मात्र ही खडी खाणीतल्या बेसॉल्टसारखी नसते. तिच्या अंगाला जुन्या सिमेंटचा थर चिकटलेला असतो आणि तो सच्छिद्र असतो. ती पाणी जास्त पिते; आधी भिजवून घेतली नाही तर नव्या मिश्रणातलं पाणी शोषते आणि काँक्रीट लवकर घट्ट होऊ लागतं. म्हणून काँक्रीटच्या खडी-वाळूसाठीच्या भारतीय मानक आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने सावध परवानगी दिली: भरड खडीपैकी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, सळईच्या काँक्रीटमध्ये (एम-२५ या मजबुतीच्या दर्जापर्यंतच) २० टक्के, पायाखालच्या कमी सिमेंटच्या काँक्रीटमध्ये १०० टक्के. विटा-गिलावा मिसळलेल्या खडीला मात्र फक्त शेवटच्या गटातच प्रवेश आहे.

साखळी तुटते ती इथेच. क्रशर कितीही चांगला असला तरी जेसीबीने सगळं एकाच ढिगात लोटलं की चांगल्या काँक्रीटचा दर्जाही विटांच्या पातळीवर येतो. फॉल्स सीलिंगचं पीओपी आणखी घातक. त्यातलं सल्फेट सिमेंटमधल्या अॅल्युमिनेटशी अभिक्रिया करतं, तयार होणारं संयुग फुगतं आणि काँक्रीटला आतून तडे देतं. पीओपी आधी उतरवायला मजूर आणि दिवस लागतात. ढिगातून ते वेचणं जवळपास अशक्य. म्हणजे खडीचा दर्जा प्रक्रिया प्रकल्पात नव्हे, पाडकामाच्या जागेवरच ठरतो. तरीही आपली सगळी चर्चा नव्या यंत्रांभोवती फिरते, हे मला गमतीचं वाटतं.

२०१६ च्या केंद्रीय नियमांनी दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांहून जास्त राडारोडा करणाऱ्या बांधकाम-पाडकामांना काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-गिलावा असे चार ढीग करायला सांगितलंच होतं. दिल्लीत बुराडीला प्रक्रिया प्रकल्प त्याच्याही आधी, २००९ मध्ये उभा राहिला. मुंबई महापालिकेचे दहिसर आणि शिळफाट्याचे प्रकल्प बरेच नंतर आले. पण माल आणणारा आणि त्यातून तयार झालेले पेव्हर ब्लॉक विकत घेणारा, ही दोन्ही टोकं बांधलेली नसतील तर प्रकल्प अर्धपोटी चालतो.

२०२५ च्या नव्या नियमांची अंमलबजावणी १ एप्रिल २०२६ पासूनची आहे. ते २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांवर पुनर्वापराचं उद्दिष्ट आणि जबाबदारी टाकतात. मोठ्या बिल्डरला त्यामुळे या खडीचं गिऱ्हाईक व्हावं लागेल. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची बाथरूम फोडून निघालेल्या पंधरा गोण्या मात्र या उद्दिष्टात बसत नाहीत. त्या नेणाऱ्या टेम्पोवाल्याला पोचवण्याइतकी जवळची आणि फुकटची जागा कुठे आहे, हे ज्या त्या पालिकेलाच ठरवावं लागेल.