स्की क्षेत्राचा विस्तार व पर्यावरण

डोंगरावरचे स्की क्षेत्र वाढवायचे म्हणजे नवे उतार मोकळे करायचे, लिफ्टचे खांब रोवायचे, रस्ते काढायचे आणि बर्फ बनवणाऱ्या यंत्रांसाठी तलाव खोदायचे. या कामांमुळे माती, पाणी व वन्यजीव यांना पोहोचणारी झळ कमी करण्याचे उपाय या नोंदीत पाहिले आहेत. अशा प्रकल्पांवरचा वाद बहुधा तोडल्या जाणाऱ्या झाडांच्या संख्येभोवती फिरतो. डोंगराचे अधिक काळ न भरून येणारे नुकसान मात्र माती हलवल्याने होते.

नवा उतार दोन रीतींनी तयार करतात. एका रीतीत झाडे-झुडपे कापली जातात, पण मुळे, माती व दगड जागच्या जागी राहतात. दुसऱ्या रीतीत बुलडोझर फिरवून उंचसखल भाग सपाट केला जातो. त्याबरोबर वरचा सुपीक थर आणि त्यात दडलेले बियाणेही जाते. अमेरिकेतील सिएरा नेवाडा पर्वताच्या उत्तर भागात दोन्ही प्रकारच्या उतारांची तुलना झाली, तेव्हा सपाट केलेल्या उतारांवरील माती निकृष्ट आढळली. नुसत्या कापलेल्या उतारांवर आसपासच्या रानातील वनस्पती बऱ्याच प्रमाणात टिकून होत्या. असे असूनही चालकांना बुलडोझर हवासा वाटतो, कारण सपाट उतारावर थोड्या बर्फातही हंगाम सुरू करता येतो. सपाटीकरण टाळता येत नसेल, तर गवताची ढेपळे मुळांसकट काढून सांभाळणे आणि काम संपताच परत बसवणे, हा चांगला उपाय ठरतो. बाजारात मिळणारे गवताचे बी सखल प्रदेशातले असते. वृक्षरेषेच्या, म्हणजे जिच्यावर झाडे वाढत नाहीत त्या उंचीच्या वर ते उगवते, उद्‌घाटनाच्या छायाचित्रात हिरवेही दिसते, पण पुढे टिकत नाही. म्हणून त्याच उंचीवरच्या स्थानिक वनस्पतींचे बी वापरावे लागते.

वन्यजीवांसाठी केलेल्या उपायांत ऑस्ट्रेलियातील माउंट हॉथम येथील काम विशेष उल्लेखनीय आहे. माउंटन पिग्मी पॉसम हा मुठीत मावेल एवढा शिशुधान (पिलांना पोटावरच्या पिशवीत वाढवणारा) प्राणी शास्त्रज्ञांना आधी केवळ जीवाश्मांवरून माहीत होता. १९६६ मध्ये तो हॉथमच्या एका स्की-निवासात जिवंत सापडला. तो शिळांच्या राशींमध्ये राहतो आणि हिवाळा बर्फाखाली शीतनिष्क्रियतेत काढतो. माद्या उंचावरील चांगल्या जागा धरून राहतात. नर प्रजननापुरते वर येतात व नंतर खाली उतरतात. रस्ता आणि स्की-उतार यांमुळे ही वाट तुटली. नर वरच अडकले, जागा व अन्न यांसाठी गर्दी झाली आणि हिवाळ्यात तगणाऱ्या माद्यांचे प्रमाण घटले. १९८५ मध्ये रस्त्याखालून बोगदे काढून त्यांत दगड भरण्यात आले. नर त्यातून ये-जा करू लागले आणि माद्यांचे तगण्याचे प्रमाण सुधारले. उपाय स्वस्त होता, पण प्राणी कोणत्या ऋतूत कुठे जातो हे आधी कोणीतरी बारकाईने पाहिले होते, म्हणूनच तो सुचला.

पाण्याचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. एक हेक्टर उतारावर सुमारे ३० सेंमी. कृत्रिम बर्फ पसरण्यास साधारण १,००० घनमीटर पाणी लागते, आणि तेही ओढ्यांचे प्रवाह क्षीण असलेल्या हिवाळ्यात. यावर तलावात आधीच साठा करणे किंवा प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरणे, असे तोडगे निघाले. अमेरिकेतील ॲरिझोना स्नोबोल या स्की क्षेत्राने दुसरा मार्ग धरला; पण तेथील सॅन फ्रान्सिस्को शिखरे होपी, नाव्हाहो आदी जमातींना पवित्र आहेत. देवभूमीवर मैलापाण्याचा बर्फ नको, हा त्यांचा दावा २००८ मध्ये अपील न्यायालयाने फेटाळला आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. पुढे असा बर्फ सुरूही झाला. ओढ्याचे पाणी वाचले, एवढ्यावर हा उपाय यशस्वी म्हणणे कठीण आहे. भारतात उत्तराखंडमधील औली येथेही कृत्रिम बर्फासाठी तलाव आहे. त्याच्या खालच्या अंगाला, जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर जोशीमठ वसले आहे. तेथील अवजड बांधकामांविषयी १९७६ मध्येच मिश्रा समितीने सावध केले होते. त्यामुळे वर होणाऱ्या कोणत्याही विस्तारात पाण्याच्या निचऱ्याचा विचार सर्वांत आधी यायला हवा.

हे सारे उपाय विस्तार होणारच, असे गृहीत धरतात. जर्मनीतील बव्हेरिया या राज्याने १९७२ मध्ये वेगळी वाट धरली. तेथील आल्प्स-आराखड्यात डोंगराचे तीन विभाग पाडले गेले आणि त्यांतील ‘क’ विभागात, म्हणजे चाळीस टक्क्यांहून अधिक क्षेत्रात, नव्या लिफ्ट व स्की-उतारांना मनाईच केली गेली. रीडबर्गर हॉर्न या डोंगरावरून दोन स्की क्षेत्रे जोडण्यासाठी २०१७ मध्ये या रेषा बदलण्यात आल्या. हा डोंगर ब्लॅक ग्राउस या पक्ष्याचे निवासस्थान आहे; त्यामुळे निसर्गप्रेमी संघटना, त्यांत गिर्यारोहकही, विरोधात उतरल्या. २०१८ मध्ये प्रकल्प सोडून द्यावा लागला आणि पुढच्या वर्षी आराखड्यातील जुन्या रेषा पूर्ववत झाल्या.