चीन भूविज्ञान विद्यापीठ

भूविज्ञान, खनिजशोध व खनन-अभियांत्रिकी यांच्या अध्यापनाला वाहिलेले चीनमधील विद्यापीठ. वूहान व बीजिंग येथील संस्था हे एकच नाव लावतात. २००५ पासून त्यांचा कारभार मात्र स्वतंत्र आहे.

पेकिंग, त्सिंगहुआ, तिएन्जिन आदी विद्यापीठांतील व संस्थांतील भूविज्ञान विभाग एकत्र करून १९५२ मध्ये बीजिंग भूविज्ञान संस्था स्थापन झाली. परंपरेची मुळे पेकिंगच्या विद्यापीठात १९०९ साली सुरू झालेल्या भूविज्ञानशिक्षणापर्यंत नेता येतात; तथापि स्वतंत्र संस्था म्हणून १९५२ हेच वर्ष धरणे अधिक सयुक्तिक वाटते. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात संस्थेला बीजिंग सोडावे लागले. हूपे प्रांतात हलवाहलव झाल्यावर १९७५ मध्ये ती वूहानला स्थिरावली. बीजिंगच्या जुन्या आवारात १९७८ मध्ये पदव्युत्तर शाखा निघाली आणि १९८७ मध्ये सध्याचे नाव मिळाले.

संस्थेचे नाव जगभरच्या स्तरवैज्ञानिकांच्या, म्हणजे खडकांच्या थरांचा क्रम अभ्यासणाऱ्यांच्या, तोंडी झाले ते पर्मियन व ट्रायासिक कालखंडांच्या सीमेमुळे. सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविलोपाशी (बहुसंख्य जीवजाती नष्ट होण्याच्या घटनेशी) निगडित असलेली ही सीमा पूर्वी हिमालयातील खडकांत आढळणाऱ्या ओटोसेरास या अमोनॉइडाच्या (शंखधारी समुद्री प्राण्याच्या) आगमनावरून ठरवीत. परंतु हा प्राणी सर्व समुद्रांत पसरलेला नव्हता. त्याऐवजी हिंडिओडस पार्व्हस या कोनोडॉन्टाचे, म्हणजे ईलसारख्या लहान समुद्री प्राण्याचे, दातांसारखे सूक्ष्म अवशेष प्रमाण मानावेत, असे वूहानचे यिन होंगफू व त्यांचे सहकारी यांनी सुचविले. त्यांचा प्रसार व्यापक असल्याने हे मत अधिक ग्राह्य ठरले. प्रमाण छेदासाठी, म्हणजे सीमा दाखविणारा खडकांच्या थरांचा आदर्श नमुना म्हणून, काश्मीरमधील गुरयूल आणि तिबेटमधील सेलोंग यांचाही विचार झाला होता. अखेर २००१ मध्ये झेज्यांग प्रांतातील मेइशान येथील चुनखडीच्या खाणीतील छेदाला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तेथे सीमा क्र. २७ च्या थराच्या मधोमध, २७-क या उपथराच्या तळाशी आहे. हा अख्खा थर वीतभरही जाड नाही. त्याच्या खालीच ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मातीचा पांढुरका पट्टा दिसतो, आणि त्यातील झिरकॉन या किरणोत्सारी युरेनियम असलेल्या खनिजाच्या स्फटिकांवरून सीमेचे वय काढता येते.

विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष खडकांसमोर उभे करण्यावर येथे भर असून बीजिंगजवळील चौकौत्येन येथे क्षेत्राभ्यासाचे केंद्र आहे. २५ मे १९६० रोजी उत्तरेकडून एव्हरेस्टवर पोचलेल्या तिघांपैकी वांग फूचौ, तसेच २००३ ते २०१३ या काळात चीनचे पंतप्रधान असलेले वन जियाबाओ हे बीजिंग भूविज्ञान संस्थेचे विद्यार्थी होत.