हाडं विरळ, तरी खुबे शाबूत

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बीजिंगमध्ये पन्नाशीपुढच्या किती लोकांचं खुब्याचं हाड मोडतं, याची मोजदाद झाली. दर निघाला तो जगातल्या सगळ्यांत कमी दरांपैकी एक. शिवाय अमेरिका-युरोपात म्हाताऱ्या बायकांचे खुबे पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त मोडतात, तर इथे दोघांचा दर जवळजवळ सारखाच. हे कुणालाच अपेक्षित नव्हतं. बीजिंगच्या आज्या अंगाने बारीक होत्या, दूध त्यांच्या जेवणात जवळपास नव्हतंच, कॅल्शियम पोटात जायचं ते शिफारशीच्या निम्म्याच्या आसपास. हाडांची घनता यंत्रावर मोजली तर तीही गोऱ्या बायकांपेक्षा कमी. पाठ्यपुस्तकाच्या हिशेबाने या बायकांचे खुबे पटापट मोडायला हवे होते.

हे काम करत होते दोन संशोधक: बीजिंगच्या श्यू लिंग आणि सॅन फ्रान्सिस्कोचे स्टीव्हन कमिंग्ज. त्यांनी मग बायकांच्या पाठीचे एक्स-रे काढले, आणि कोडं आणखी मजेदार झालं. पन्नाशीतल्या ५ टक्के बायकांचा एखादा तरी मणका दबलेला होता. ऐंशीच्या पुढे हे प्रमाण ३७ टक्क्यांवर गेलं होतं. अमेरिकेत मिनेसोटातल्या रॉचेस्टर गावच्या गोऱ्या बायकांपेक्षा हे आकडे फार कमी नव्हते. म्हणजे एकाच शरीरातला खुबा शाबूत आणि मणका मात्र अमेरिकन बाईसारखाच खचलेला.

मणका मोडायला पडावं लागत नाही. हाड पुरेसं विरळ झालं की वाकून बादली उचलताना, बसमध्ये दणका बसल्यावर, कधी नुसत्या जोरदार खोकल्यानेही तो दबतो. अनेकांना ते कळतही नाही. पाठ दुखते, उंची दोन-चार सेंटिमीटर घटते, पाठीला बाक येतो, आणि घरचे म्हणतात, वय झालं. खुबा बहुतेक वेळा पडल्यावरच मोडतो, तेही कुशीवर पडल्यावर. त्यामुळे खुब्याच्या आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: हाड किती कमजोर आहे, आणि माणूस किती पडतो. पाश्चात्त्य देशांत पासष्टीपुढच्या लोकांपैकी सुमारे एकतृतीयांश लोक वर्षातून एकदा तरी पडतात. चिनी वृद्धांवरचे अभ्यास एकत्र पाहिले तर ढोबळमानाने १८ टक्के पडतात.

ते कमी का पडतात, याचं एकच एक उत्तर नाही. त्या पिढीची चाल मात्र डोळ्यांसमोर आणता येते: सायकल, जिने, पायी बाजार, शेतातलं किंवा कारखान्यातलं काम, आणि दिवसातून अनेकदा उकिडवं बसणं. भारतीय पद्धतीच्या संडासावर आयुष्य काढलेल्या माणसाला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. उकिडवं बसून हात न टेकता उठायचं तर मांडीचे स्नायू, घोटे आणि तोल, तिन्ही शाबूत लागतात. हे कारण सिद्ध झालेलं नाही, पण मला ते पटतं. बायकांच्या पायांवरच्या एका अभ्यासाने त्याला आडून दुजोराही मिळाला.

त्याच प्रकल्पात बीजिंगच्या म्हाताऱ्या बायकांचे पाय तपासले गेले. मुलीचे पाय लहानपणीच घट्ट बांधून बोटं तळव्याखाली मोडायची प्रथा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालू होती, आणि त्या मुली आता सत्तरी-ऐंशीत होत्या. ऐंशीपुढच्या ३८ टक्के बायकांचे पाय असे विद्रूप केलेले आढळले, सत्तरीतल्या १८ टक्के बायकांचे. ऐंशीपुढच्या गटात, बांधलेल्या पायांच्या ३८ टक्के बायका वर्षभरात पडल्या होत्या. धड पायांच्या १९ टक्के. बांधलेल्या पायांच्या बायकांच्या खुब्याची घनताही ५ टक्क्यांनी कमी होती. चालणं आक्रसलं की हाड आणि तोल दोन्ही जातात, हे इतक्या क्रूरपणे दाखवणारा दुसरा पुरावा सहज सापडणार नाही.

हाडाच्या रचनेचा मुद्दाही आहे. डेक्सा नावाच्या यंत्रावर हाडाची सावली मोजली जाते, खोली नाही. त्यामुळे लहान चणीच्या माणसाचं हाड प्रत्यक्षात आहे त्याहून विरळ दिसतं. न्यूयॉर्कमध्ये चिनी वंशाच्या अमेरिकी बायकांची हाडं जास्त बारकाईने पाहणाऱ्या स्कॅनवर तपासली, तेव्हा बाहेरची भिंत जाड आणि आतली जाळी अधिक पट्ट्यापट्ट्यांची, म्हणजे भार पेलायला चांगली, अशी आढळली. शिवाय चिनी लोकांच्या मांडीच्या हाडाची मान सरासरीने आखूड असते, आणि आखूड मान मोडायला जड.

पण चण आणि आनुवंशिकता दहा-पंधरा वर्षांत बदलत नाहीत. बीजिंगचा खुब्याचा आकडा बदलला. १९९०-९२ आणि २००२-०६ या काळांची तुलना केली तेव्हा बायकांमध्ये दर २.७६ पट आणि पुरुषांमध्ये १.६१ पट झालेला दिसला. शहर तेच, वंश तोच. मधल्या काळात गल्ल्या जाऊन इमारती आल्या, सायकल जाऊन मोटार आली, जिन्याच्या जागी लिफ्ट आली. हाँगकाँग या वाटेने आधीच गेलं होतं: साठच्या दशकाच्या मध्यापासून वीस वर्षांत तिथला दर दुपटीहून जास्त झाला, मग थबकला आणि पुढे हळूहळू उतरला. चीनच्या शहरांतही २०१२ ते २०१६ या काळात दर जवळपास स्थिर होता. रुग्ण मात्र वाढतच आहेत, कारण म्हातारी माणसंच वाढली: २०२०च्या जनगणनेत पासष्टीपुढचे १९ कोटी.

राष्ट्रीय पातळीवर ठिसूळ हाडांची नीट मोजणी चीनमध्ये बरीच उशिरा झाली. २०१८ साली तिथल्या आरोग्य आयोगाने पहिले निष्कर्ष जाहीर केले. पन्नाशीपुढच्या लोकांत ऑस्टिओपोरोसिस १९.२ टक्के, बायकांत ३२.१ आणि पुरुषांत ६ टक्के. पासष्टीपुढच्या बायकांत ५१.६ टक्के, म्हणजे दर दोघींत एक. व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेची, १९९४ची: तरुण निरोगी माणसाच्या सरासरीपेक्षा घनता अडीच प्रमाणित विचलनांनी (सरासरीपासूनचं अंतर मोजायचं संख्याशास्त्रातलं माप), किंवा त्याहून जास्त, कमी असली की ऑस्टिओपोरोसिस. तपासणीच्या कागदावर ‘टी-स्कोर उणे २.५’ लिहिलेलं असतं ते हेच.

बाई-पुरुषांतल्या या मोठ्या तफावतीचं मुख्य कारण इस्ट्रोजेन. हाड म्हणजे सतत डागडुजी चालू असलेला वाडा आहे. एक पेशींची टोळी जुनं उकरते, दुसरी नवं भरते. इस्ट्रोजेन उकरणाऱ्यांना आवर घालतं. पन्नाशीच्या आसपास पाळी जाते, आवर सुटतो, आणि पुढच्या पाच-सात वर्षांत काही जणींचं हाड वीस टक्क्यांपर्यंत झिजतं. पुरुषाची झीज संथ, आणि त्याने सुरुवातही भरलेल्या कोठारातून केलेली. चीनमध्ये जवळपास निम्मे पुरुष सिगारेट ओढतात, बायका फारच थोड्या. धूम्रपान हाडांना वाईट हे पक्कं ठाऊक आहे. तरीही आकडा बायकांचाच मोठा, इतका पाळी जाण्याचा परिणाम जबर आहे.

पुरुषांनी मात्र यावर खूश होऊ नये. त्याच सर्वेक्षणाचा सविस्तर शोधनिबंध २०२१मध्ये आला. २०,४१६ लोकांची तपासणी होती. चाळिशीपुढच्या पुरुषांत ऑस्टिओपोरोसिस ५ टक्के, बायकांत २०.६ टक्के. पण दबलेले मणके पुरुषांत १०.५ टक्के आणि बायकांत ९.७ टक्के! ऑस्टिओपोरोसिसच्या प्रमाणात चौपट फरक, मणके मोडण्यात जवळपास काहीच नाही. यातले काही मणके तरुणपणी ओझी वाहताना किंवा उंचावरून पडून दबले असणार. तरी यावरून एवढं कळतं की घनतेचा एकच आकडा हातात धरून कोणाचं हाड मोडेल ते सांगायला निघालेला डॉक्टर अनेक रुग्णांच्या बाबतीत चुकेल. बीजिंगच्या एका गटाने फुप्फुसांसाठी काढलेल्या छातीच्या सीटी स्कॅनवरूनच मणक्यांची घनता मोजली, जवळपास ६९ हजार लोकांची. त्यांचं उत्तर: पन्नाशीपुढच्या बायकांत २९ टक्के, पुरुषांत १३.५. बायकांचा आकडा थोडा खाली, पुरुषांचा दुपटीहून वर. यंत्र बदललं की रोग्यांची संख्या बदलते, हे वर्तमानपत्रातल्या मथळ्यात कधी छापून येत नाही.

गाव आणि शहराचा हिशेबही सरळ नाही. पन्नाशीपुढे शहरात १६.२ टक्के आणि खेड्यात २०.७ टक्के. शेतात राबणाऱ्यांची हाडं जास्त विरळ? मेहनतीने हाड घट्ट होतं हे खरं, पण आधी ते घडायला साहित्य लागतं, आणि ते घडतं तिशीपर्यंत. २०१८ साली पासष्टीत असलेला खेडूत १९५९ ते १९६१च्या महादुष्काळात वाढीच्या वयात होता. तो दुष्काळ पाहिलेल्या बायकांत पुढे ऑस्टिओपोरोसिस जास्त, असं सांगणारे अभ्यास चीनमधून आले आहेत. ते वाचताना जरा सावध राहावं लागतं: दुष्काळ पाहिलेली बाई दुष्काळानंतर जन्मलेलीपेक्षा वयानेही मोठी असतेच, आणि वय हाच सगळ्यांत मोठा धोका. तरी लहानपणीच्या उपासमारीचा हाडावर काही परिणाम झालाच नसेल, हे मानणं कठीण.

आता खाण्याकडे. २०१०-१२च्या पोषण सर्वेक्षणात चिनी माणसाच्या पोटात दिवसाला सरासरी ३६६ मिलिग्रॅम कॅल्शियम जात होतं. प्रौढांसाठी शिफारस ८०० मिलिग्रॅमची. बहुतेक चिनी प्रौढांना दुधातली साखर नीट पचत नाही, आणि दूधदुभत्याचा दरडोई खप अजूनही जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. त्यावर घरोघरचा उपाय म्हणजे हाडांचं सूप. आपल्याकडे फ्रॅक्चर झालं की पायाचं सूप येतं, तसंच तिथे डुकराच्या हाडांचं तासन् तास उकळलेलं. तिथले डॉक्टर वर्षानुवर्षं सांगून थकले की यात चरबी भरपूर आणि कॅल्शियम नावाला. हाडातलं कॅल्शियम फॉस्फेटच्या स्फटिकात अडकलेलं असतं, ते पाण्यात विरघळतच नाही. विरघळत असतं तर आपली हाडं रक्तातच वितळली असती. चमचाभर व्हिनेगर घालूनही फारसं काही हाती लागत नाही.

टोफूचं, म्हणजे सोयाबीनच्या दुधाच्या पनीरचं, प्रकरण जास्त रंजक. दक्षिणेत सोयाबीनचं दूध गोठवायला जिप्सम घालतात, आणि जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, त्यामुळे तो टोफू कॅल्शियमचा चांगला साठा. उत्तरेत मिठागराच्या खारवणीने गोठवतात. त्यात मुख्यतः मॅग्नेशियम. आणि सुपरमार्केटमधला डब्यातला रेशमी मऊ टोफू ज्या आम्लाने घट्ट होतो त्यात कॅल्शियम नसतंच. दिसायला तिन्ही पांढरे. भाज्यांचंही तसंच: पालकातलं कॅल्शियम त्यातल्याच ऑक्झलेट या क्षारामुळे अडकून पडतं, तर बोक चॉय या चिनी पालेभाजीतलं निदान दुधाइतकं तरी शोषलं जातं.

दूध न पिणाऱ्या बीजिंगकरांचे खुबे शाबूत होते, मग दूध कशाला, असा निष्कर्ष काही जण उत्साहाने काढतात. तो चुकीचा आहे. ऑस्ट्रेलियातल्या ६० वृद्धाश्रमांत झालेल्या चाचणीत, जिथे दूध, दही, चीज वाढवलं तिथे खुब्याची फ्रॅक्चर ४६ टक्क्यांनी घटली. दूध कमी असूनही बीजिंगचा खुबा टिकला तो बहुधा पायांच्या जोरावर. पायांचा जोर गेल्यावर दोन्ही लागतात.

धोका कुणाला, हे ओळखायला आशियाई बायकांसाठी एक साधं गणित २००१मध्ये तयार झालं, ते चीनमध्ये आजही वापरतात. पाळी गेलेल्या बाईचं किलोतलं वजन घ्या, त्यातून वय वजा करा, आलेल्या आकड्याला ०.२ने गुणा. उत्तर उणे ४च्या खाली गेलं तर धोका मोठा. ७० वर्षांची, ४८ किलोची बाई: उणे ४.४. साठीची, ६० किलोची बाई: शून्य. गणित इतकं ओबडधोबड आहे की त्याला हसू येतं, पण बारीक अंग आणि वाढतं वय या दोन गोष्टींत बराचसा धोका सामावलेला असल्याने ते चालतं. ते फक्त डेक्सा कुणाची करायची हे ठरवायला. निदान करायला नाही. लहानसहान पडण्याने आधीच एखादं हाड मोडलं असेल, पोटात बराच काळ स्टेरॉइडच्या गोळ्या जात असतील किंवा आईचा खुबा मोडलेला असेल, तर या गणिताचं उत्तर काही का येईना, तपासणी करावी.

तपासणी हीच खरी अडचण. २०१८च्या सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्यांपैकी फक्त ३.७ टक्के लोकांनी कधी हाडांची घनता मोजून घेतली होती. ज्यांना ऑस्टिओपोरोसिस होता, त्यांपैकी ७ टक्के लोकांनाच ते ठाऊक होतं. आणि हाड विरळ असलेल्या किंवा आधीच मोडलेल्यांपैकी पुढचं फ्रॅक्चर टाळण्याचं औषध घेत होत्या १.४ टक्के बायका, ०.३ टक्के पुरुष. चीनमध्ये खुब्याच्या फ्रॅक्चरला लोक ‘आयुष्यातलं शेवटचं फ्रॅक्चर’ म्हणतात. रुग्ण महिनोन् महिने अंथरुणाला खिळतो, मग न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गुठळ्या. इतकी धास्ती असलेल्या देशात वर्षातून एकदा सलाईनमधून देता येणारं औषध शंभरात दोघांपर्यंतही पोचत नव्हतं.

सरकारने २०१७पासूनच्या आरोग्य मोहिमेत मीठ, तेल, साखर कमी करा याच्या जोडीला दात, वजन आणि हाडं सांभाळा असं घातलं आहे. मिठाचा हाडांशी संबंध आहेच; जास्त सोडियम लघवीवाटे जाताना कॅल्शियमही घेऊन जातं. पण मोहिमेपेक्षा माझा भरवसा संध्याकाळी चौकात लाऊडस्पीकर लावून नाचणाऱ्या तिथल्या बायकांवर जास्त आहे. शेजारपाजारचे आवाजाच्या तक्रारी करतात, वर्तमानपत्रं थट्टा करतात. ताई-ची या संथ हालचालींच्या चिनी व्यायामाने वृद्धांचं पडणं सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी होतं, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. चौकातल्या नाचावर एवढा पुरावा अजून नाही, पण एका पायावरून दुसऱ्या पायावर तोल टाकणं दोन्हींकडे तेच.