मांजर उजवीकडून गेलं आणि डावीकडून आलं

दिवाळीच्या सुट्टीत माझी साडेपाच वर्षांची भाची टॅबवर ‘स्क्रॅच ज्युनिअर’ उघडून बसली होती. चित्रांचे ठोकळे जोडून पात्रांना हुकूम द्यायचे, असं हे लहान मुलांचं प्रोग्रॅमिंगचं अ‍ॅप. पडद्यावर एक मांजर आणि खाली बाणांची चित्रं असलेले निळे ठोकळे. वाचता येत नसलं तरी काही अडत नाही. तिने उजव्या बाणाचे ठोकळे एकाला एक जोडले आणि बोट टेकवलं. मांजर चालत चालत उजव्या कडेपलीकडे नाहीसं झालं आणि डाव्या कडेने परत आत आलं. ती थबकली. तिने पुन्हा चालवलं, मग आणखी एकदा. मग म्हणाली, “मावशी, ते घराच्या मागून फिरून येतंय!”

अ‍ॅपमध्ये मागचं घर नव्हतंच. ते तिने बांधलं. लहान मुलांच्या डिजिटल खेळाबद्दल मला जे सांगायचंय, ते या मागच्या घराबद्दल आहे.

बाजारात ‘शैक्षणिक’ म्हणून मिळणारी बरीचशी अ‍ॅप वेगळी असतात. ‘अ’ला हात लावा, टाळ्या वाजतील. चुकलात तर लाल फुली. अक्षरओळखीला त्यांचा थोडाफार उपयोग होतोही. पण तिथे प्रश्न दुसऱ्याचा, उत्तर दुसऱ्याचं. मुलाने फक्त बोट लावायचं. मुक्त खेळात ‘बरोबर’ असं काही ठरलेलंच नसतं. भातुकलीतली करवंटी जशी कधी कढई होते, कधी टोपी, तसंच.

कोरिन हट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1966 साली 3 ते 5 वर्षांच्या मुलांपुढे एक लाल पेटी ठेवली. तिला दांडा होता. तो हलवला की घंटा किंवा बझर वाजे. सुरुवातीला मुलं गंभीर चेहऱ्याने पेटी तपासत. त्यांचा प्रश्न होता, ‘ही वस्तू काय करते?’ ओळख झाल्यावर चेहरे सैल पडत आणि प्रश्न बदले: ‘या वस्तूचं मी काय करू शकतो?’ हट यांनी पहिल्याला शोध म्हटलं, दुसऱ्याला खेळ. माझ्या मते अ‍ॅप पारखायला हा एकच निकष पुरेसा आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्यावर दुसरा प्रश्न विचारायला अ‍ॅप जागा ठेवतं का?

मोठ्यांनी किती शिकवावं, यावर 2011 साली एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नळ्या जोडून केलेल्या एका खेळण्यात अनेक गमती दडवल्या होत्या: एक नळी ओढली की आवाज, एका ठिकाणी आरसा, वगैरे. काही मुलांना ‘हे असं चालतं, बघ’ म्हणून आवाजाची गंमत मुद्दाम दाखवली. इतरांना तसं शिकवलं नाही. कुणापुढे तो आवाज जणू चुकून झाला, कुणाला काहीच दाखवलं नाही. ज्यांना शिकवलं, ती मुलं कमी वेळ खेळली आणि बाकीच्या गमतीही त्यांना कमी सापडल्या. ‘बाईंनी दाखवलं, म्हणजे एवढंच असणार,’ असा त्यांचा हिशोब. तो चूक म्हणता येत नाही, म्हणूनच आपण जपून राहायला हवं.

मुलाला स्वतः करून शोधू द्यावं, या विचाराचं संगणकातलं मूळ सीमोर पॅपर्ट या गणितज्ञांपाशी जातं. ते जिनिव्हात जाँ पियाजे या बालमानसशास्त्रज्ञांबरोबर काम करून अमेरिकेत आले आणि 1967 साली सहकाऱ्यांसोबत मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा घडवली. त्यात पुढे एक कासव आलं. ‘पुढे 50, उजवीकडे 90’ असं चार वेळा सांगितलं की ते चौकोन काढतं. अडलं तर मुलाने स्वतः कासव होऊन जमिनीवर चालून बघायचं. उंबरा ठेंगणा हवा आणि छत उंच, म्हणजे सुरुवात सोपी आणि पुढे वाढायला भरपूर वाव, असं पॅपर्ट मानत. एमआयटी या अमेरिकी विद्यापीठातल्या मिचेल रेझ्निक यांनी त्यात ऐसपैस भिंतींची, म्हणजे ज्याला त्याला आपापल्या वाटेने जाता येण्याची, भर घातली. रेझ्निक यांच्या गटाने 2007 साली ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचं ‘स्क्रॅच’ आणलं आणि 2014 साली लहान मुलांच्या तंत्रज्ञानावर संशोधन करणाऱ्या मरीना उमाशी बर्स यांच्यासोबत 5 ते 7 वर्षांच्या मुलांसाठी ‘स्क्रॅच ज्युनिअर’. ते फुकट आहे. बर्स यांची उपमा मला फार आवडते: काही तंत्रज्ञान बाळाला बसवून ठेवायच्या कठड्यासारखं असतं, काही मैदानासारखं.

मैदानातही मूल पडतं, धडपडतं. भाचीने दुसऱ्या दिवशी एक कोंबडी आणली. मांजर जवळ आलं की कोंबडीने उडी मारायची, असा बेत. पण ‘सुरू’चा हिरवा झेंडा दाबला की दोघं एकदमच सुटायची. मांजर पोचायच्या आधीच कोंबडी उडून मोकळी. मला सांगायचा फार मोह झाला. मी फक्त विचारलं, “कोंबडीला कसं कळणार, मांजर आलंय ते?” बऱ्याच वेळाने तिने कोंबडीच्या ओळीतला झेंड्याचा ठोकळा काढून तिथे एकमेकांना टेकल्यावर सुरू होणारा पिवळा ठोकळा लावला. कारण आधी आणि परिणाम नंतर, हे तिला तिच्या कोंबडीने शिकवलं.

वेळेचं बंधन मात्र पाळायलाच हवं. 2 वर्षांखालच्या मुलांना नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल सोडून पडदा नको आणि 2 ते 5 वयात दिवसाला जास्तीत जास्त 1 तास, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं आहे. अ‍ॅप कितीही चांगलं असलं तरी चिखलाचा गारवा आणि ठोकळ्यांचं वजन काचेतून कळत नाही. शिवाय मुलाशेजारी कुणी बसलेलं हवं. काही शिकवायला नव्हे, “आता काय होईल?” एवढं विचारायला.

टॅब ठेवून दिल्यावर भाची पुढच्या दाराने अंगणात गेली. घराला वळसा घालून, गोठ्यावरून, मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरली. धापा टाकत आजीला म्हणाली, “बघ, मी इकडून गेले आणि इकडून आले.” आणि पावलं मोजायची राहिली म्हणून पुन्हा बाहेर पळाली.